तेलातले पाणी

पाणी आणि तेल एकत्र नांदत नाहीत, हे आपण शाळेत जाण्यापूर्वीच स्वयंपाकघरात शिकलेलो असतो. तापलेल्या कढईत पाण्याचा थेंब पडला की तेल उसळते आणि आई आपल्याला हाताने मागे सारते. इंजिनाच्या पोटात मात्र ही दोन्ही द्रव्ये जन्मभर शेजारी म्हणून राहतात. त्यांच्यामध्ये असते ती बिडाची एक भिंत, एक पातळ गॅस्केट आणि रबराची दोन-तीन कडी. तेलाने घर्षण आवरायचे आणि पाण्याने उष्णता वाहून न्यायची, अशी कामांची वाटणी ठरलेली असते. त्या भिंतीला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले तरी ही वाटणी मोडते, आणि मग इंजिनाचेच नव्हे, तर त्याच्यावर पोट असलेल्या घराचेही स्वास्थ्य जाते.

मी यंत्रशास्त्र शिकलेली नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले आणि निवृत्तीनंतर नाशिकरोडला स्थायिक झाले. तरीही २०१९ सालच्या नोव्हेंबर महिन्यात एका ट्रॅक्टरच्या उघड्या इंजिनासमोर मी जे तीन-चार दिवस काढले, त्यांत पुष्कळ शिकले. वाचकांपैकी अनेकांच्या दारी आज ट्रॅक्टर, पिकअप किंवा मोटार आहे. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून आणि दुसऱ्याही एका कारणासाठी, जे पुढे येईलच, तो अनुभव येथे लिहीत आहे.

नाशिक जिल्हा द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. पण तो यंत्रांचाही जिल्हा आहे. १९६४ साली ओझरला मिग विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे सातपूरला डिझेल इंजिनांना लागणारे नोझल बनू लागले, चारचाकी गाड्या बनू लागल्या. इगतपुरीला तर यंत्रांचा वारसा त्याहून जुना. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर आली. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ आहे, आणि गाडीला मागून जोर देण्यासाठी कसाऱ्याला जादा इंजिने जोडावी लागत. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांचे आजे-पणजे त्या रेल्वेच्या नोकरीत होते. वाफेच्या इंजिनात पाणी हेच अन्न होते. डिझेल इंजिनात पाण्याचा दर्जा उतरला. ते केवळ गरमी वाहून नेणारे हमाल झाले. मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट चढून आलेल्या आणि बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या राहिलेल्या गाड्या आमच्या पिढीने पुष्कळ पाहिल्या. आता २०२५ सालापासून समृद्धी महामार्ग इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून सरळ खाली उतरतो. घाटात रेडिएटर उकळल्याच्या कथा हळूहळू आठवणींत जमा होतील. शेतातले इंजिन मात्र पूर्वीइतकेच तापते, आणि त्याला बोगदा नाही.

माझा धाकटा भाऊ पिंपळगाव बसवंतच्या परिसरात द्राक्षबाग करतो. बाग मोठी नाही. पण घर तिच्यावर चालते. २०१७ साली त्याने जुना, तीन सिलिंडरचा एक ट्रॅक्टर घेतला. माझ्या निवृत्तीच्या रकमेतील काही भाग त्यात गेला, आणि मी तो आनंदाने दिला होता. ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा, हे सांगण्याचे कारण नाही. पुढे जे घडले ते कोणत्याही कंपनीच्या इंजिनात घडू शकते.

द्राक्षाची गोडी छाटणी साधारण ऑक्टोबरात होते. त्यानंतरचे महिना-दीड महिना बागायतदाराला झोप नसते. डोळे फुटतात, पोंगे निघतात, घड दिसू लागतात, फुलोरा येतो, आणि नेमका याच काळात पाऊस आला तर डावणी नावाचा बुरशीजन्य रोग दोन रात्रींत घड जाळून टाकतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात अवकाळी पावसाने कसा कहर केला, ते शेतकरी अजून विसरलेले नाहीत. पाऊस उघडला की फवारणी, पुन्हा पाऊस, पुन्हा फवारणी. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला ब्लोअर दिवसातून दोनदाही बागेत फिरवावा लागत होता. ट्रॅक्टर बंद पडण्याला वर्षातला सर्वांत वाईट काळ कोणता, असे कोणी विचारले असते, तर आम्ही हाच सांगितला असता.

भावाची एक चांगली सवय होती. सकाळी चावी फिरवण्यापूर्वी तो डिपस्टिक काढून फडक्याने पुसे आणि तेल पाही. त्या दिवशी तेलाची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली दिसली. इंजिन तेल कधी आपोआप वाढत नाही; वाढले तर त्यात दुसरे काहीतरी मिसळले, असे समजावे. रंगही नेहमीचा काळा नव्हता. दुधाचा चहा निवून त्यावर साय धरावी, तसा. रेडिएटर उघडून पाहिला, तर पाणी बोटभर खाली गेलेले. त्याने ट्रॅक्टर सुरू केला नाही. मला फोन करून म्हणाला, “ताई, तेलात पाणी उतरलंय. तू येतेस का?” मी दुपारची एसटी धरली.

तेलात पाणी उतरल्याने इतके काय बिघडते, हा माझाही पहिला प्रश्न होता. क्रँक नावाचा जो वाकडातिकडा दांडा इंजिनाच्या तळाशी फिरतो, तो वास्तविक धातूवर टेकलेला नसतो. तो तेलाच्या एका पापुद्र्यावर तरंगत असतो. हा पापुद्रा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका, कधी त्याहूनही पातळ असतो. पण इंजिनाचा सारा भार तोच पेलतो. तेलात पाणी मिसळले की हा पापुद्रा जागोजागी तुटतो आणि धातू धातूला घासू लागतो. कूलंटमध्ये जे ग्लायकॉल असते, ते तेलात जाऊन तापले की त्याची आम्ले बनतात. ती बेअरिंगचा मऊ धातू खातात. शिवाय तेल आणि कूलंट यांचा घट्ट चिखल होऊन तो फिल्टरात अडकतो. फिल्टर तुंबला तर इंजिन उपाशी राहू नये म्हणून त्यात एक आडवाट ठेवलेली असते. ती उघडते आणि न गाळलेले, घाण तेलच सर्वत्र फिरू लागते. आणखी एक धोका तात्काळ घडणारा असतो. रात्रभरात सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल आणि सकाळी कोणी स्टार्टर मारला, तर पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, क्वचित ब्लॉक फोडून बाहेर येतो. भावाने त्या सकाळी चावी फिरवली नाही, एवढ्याने केवढा अनर्थ टळला होता, ते मला नंतर कळले.

दोन दिवसांत तीन जणांनी ट्रॅक्टर पाहिला. पहिल्याने दुरूनच सांगितले, “हेड गॅस्केट गेलं. सात-आठ हजारांत काम होईल.” दुसऱ्याने मान हलवली. “फुल इंजिन करावं लागेल. सत्तर हजार धरून चाला.” दोघांपैकी कोणीही पाना हातात घेतला नव्हता. तिसरे आले ते निफाडकडचे एक वयस्क मिस्त्री. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी किमतीचे नाव काढले नाही. म्हणाले, “आधी पाणी कुठून येतंय ते इंजिनालाच विचारू. मग पैशाचं बोलू.”

पाणी तेलात उतरण्याच्या वाटा अनेक असतात, हे त्यांच्याकडून समजले. हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट जळलेले असू शकते. इंजिन फार तापल्याने हेड वाकलेले किंवा तडकलेले असू शकते. काही इंजिनांत तेल थंड करण्यासाठी ऑइल कूलर असतो. त्याच्या आतली नळी फुटली तरी हेच लक्षण दिसते, आणि तेवढा कूलर बदलला की काम भागते. काही ठिकाणी पाण्याच्या पंपाच्या सीलमधून पाणी चेंबरमध्ये जाते. ट्रॅक्टर आणि ट्रक यांच्या पुष्कळ इंजिनांत सिलिंडरचे लायनर थेट पाण्यात उभे असतात. त्यांच्या पायथ्याशी असलेल्या ओ रिंगा कडक झाल्या, तर पाणी तेथून झिरपते. आणि शेवटची वाट म्हणजे लायनरलाच भोक. खालून पाहिले तर लक्षण एकच, उपचार मात्र सहा. निदान न करता ज्याने किंमत सांगितली, त्याने एकतर आपले नशीब आजमावले किंवा आपला खिसा.

चाचांनी नोझल काढून घेतले आणि क्रँक पान्याने हाताने फिरवून पाहिला. सिलिंडरात पाणी साचलेले नव्हते. मग तेल एका पातेल्यात काढले. प्रथम पाणीच आले, त्यामागून ती चहासारखी साय. खालचे चेंबर उतरवले. रेडिएटर भरून त्याच्या तोंडावर हातपंपासारखे एक साधन बसवले आणि आत हवेचा दाब दिला. जमिनीवर जुन्या वर्तमानपत्राचे कागद पसरले, बॅटरी खाली ठेवली आणि म्हणाले, “आता चहा प्या. पाण्याला घाई नसते.”

मी त्या कागदांकडे पाहत बसले. पाऊण तासाने मधल्या सिलिंडरखालच्या कागदावर एक ओला ठिपका उमटला. चाचा आडवे होऊन आत पाहू लागले. थेंब लायनरच्या बाहेरच्या काठावरून पडत असता, तर ओ रिंग दोषी. तो आतल्या भिंतीवरून, पिस्टनच्या बाजूने उतरत होता. म्हणजे दोष लायनरचा. हेड गॅस्केट बदलून घेतले असते, तर सात-आठ हजार खर्चून आम्ही दहा दिवसांनी पुन्हा तेथेच येऊन बसलो असतो; आणि सत्तर हजारांचा सल्ला ऐकला असता, तर पुढे दिसेल त्याप्रमाणे निम्मे पैसे वाया गेले असते.

त्याच संध्याकाळी जुन्या ट्रॅक्टरांचा व्यवहार करणारा एक दलाल घरी आला. गावात बातमी लपत नाही. बोलण्यात गोड होता. म्हणाला, “खोलत कशाला बसता भाऊ? चेंबर लावून टाका. तेल मी बदलतो, पाण्यात गळती बंद करणारं औषध टाकतो. महिनाभर काही होत नाही. मला द्या आणि वर थोडे घालून दुसरा घेऊन जा. उद्या सकाळी फवारणी चालू.”

भाऊ गप्प राहिला. त्या शांततेत बाहेर पाऊस पडत होता, आणि प्रत्येक सरीबरोबर त्याच्या बागेतले घड मोजून कमी होत होते. त्याच्या जागी मी असते तर मलाही तो प्रस्ताव देवाने धाडलेला वाटला असता. दलाल गेल्यावर तो मला म्हणाला, “ताई, ज्याने मला विकला त्याने कुठे काही सांगितलं होतं? हे भोक काय आजचं आहे?” मला उत्तर सुचले नाही. त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

मी अंथरुणावर पडून दोन घोड्यांचा विचार करीत होते. त्यांतला एक आपल्या कायद्यातला आहे. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे, आणि तिच्याखाली उदाहरणे दिली आहेत. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे. पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे; घेणाऱ्याने पाहून घ्यावे. पण लगेच पुढचे उदाहरण येते. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणे बोलण्यासारखेच धरले जाते.

दुसरा घोडा त्याहून सहाशे वर्षांनी जुना. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात, खरेदी-विक्रीतील फसवणुकीची चर्चा करताना हाच प्रश्न घेतला आहे: विकणाऱ्याने वस्तूतील दोष सांगावा काय? त्यांचा घोडा एका डोळ्याने आंधळा आहे. तो दोष घेणाऱ्याला समोर दिसतो. विकणाऱ्याने किंमत योग्य तेवढी उतरवली, तर तोंडाने सांगितलेच पाहिजे असे ते म्हणत नाहीत. पण दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोहोचणार असेल, तर सांगणे बंधनकारक आहे. न सांगता केलेली विक्री अन्यायाची. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे आणि पडायला आलेले घर धड म्हणून विकणे ही त्यांनी दिलेली उदाहरणे. या संतमहाशयांनी डिझेल इंजिन पाहिले नव्हते. पण तेल बदलून स्वच्छ केलेली डिपस्टिक त्यांना अचूक समजली असती. कायदा नात्यागोत्यात बोलायला लावतो. अक्वायनस घेणारा कोण आहे हे विचारीतच नाहीत.

मी सकाळी हे सारे भावाला सांगितले नाही. त्याला प्रवचनाची गरज नव्हती, आणि ट्रॅक्टर त्याचा होता. दलाल उत्तरासाठी पुन्हा आला तेव्हा भावाने त्याला एकच गोष्ट विचारली, “हा देणार कोणाला?”

“असेल कोणी डोंगराकडचा,” दलाल हसून म्हणाला. “पहिलाच ट्रॅक्टर घेणारा. त्याला काय कळतंय?”

भावाचा चेहरा उतरला. दोन वर्षांपूर्वी, माझ्या पैशांची थप्पी खिशात घालून, पहिलाच ट्रॅक्टर घ्यायला तो स्वतः गेला होता. त्याच्याविषयीही कोणीतरी असेच हसून बोलले असेल, हे त्याच्या लक्षात आले असावे. “नको,” तो म्हणाला. “आम्ही खोलतो.”

त्यानंतर निर्णय घ्यायचा होता तो दुरुस्तीचा. चाचांनी हेड उतरवले, पिस्टन काढले, आणि मधला लायनर ओढून माझ्या पुढ्यात उभा केला. आतून तो आरशासारखा होता. बाहेरून, ज्या अंगाने पाणी खेळते तेथे, एका उभ्या पट्ट्यात असंख्य बारीक खड्डे पडलेले. वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखे. त्यांतला एक आरपार गेला होता. हे कशाने होते, ते त्यांनी सांगितले आणि मी नंतर वाचून ताडून पाहिले. सिलिंडरात प्रत्येक स्फोटाबरोबर पिस्टन लायनरच्या भिंतीवर आपटतो, आणि लायनर देवळाच्या घंटेसारखा कंप पावतो. त्या कंपनाने बाहेरच्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात आणि क्षणात फुटतात. फुटताना ते धातूचा कण उचकटतात. कोट्यवधी बुडबुडे, कोट्यवधी कण. चांगल्या कूलंटमध्ये अशी रसायने असतात, की ती लायनरवर संरक्षक थर धरतात आणि हा मारा अंगावर घेतात. साध्या पाण्यात तो थर नसतो. बोअरचे जड पाणी असेल तर क्षार साचून उष्णता कोंडते, गंज चढतो आणि नाश अधिकच वेगाने होतो.

आपल्याकडे एक गैरसमज आहे. कूलंट म्हणजे पाणी गोठू नये म्हणून घालायचे औषध. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? निफाडचा पारा थंडीत पाच अंशांच्या खाली जातो हे खरे, पण रेडिएटर गोठण्याइतकी थंडी आपल्याकडे नसते, हेही खरे. म्हणून बोअरची बादली ओतली जाते. प्रत्यक्षात निम्मे कूलंट आणि निम्मे शुद्ध केलेले पाणी यांचे मिश्रण उकळायला अधिक उष्णता लागते, आणि ते गंजापासून व त्या बुडबुड्यांपासून इंजिनाला वाचवते. भाऊ पहिल्या दिवसापासून कूलंटच घालीत होता. खड्डे त्याच्याकडे येण्यापूर्वीचे होते. “ज्याने विकला त्याला हे माहीत असेल का?” मी विचारले. चाचांनी लायनर प्रकाशात फिरवला. “बाई, खड्डा किती जुना ते सांगता येतं. मालकाच्या मनात काय होतं, ते त्यात दिसत नाही.”

आता पर्याय असे होते. फक्त एक लायनर बदलणे सर्वांत स्वस्त. पण बाकीचे दोनही त्याच पाण्यात वाढलेले. हाफ इंजिन करायचे, म्हणजे तिन्ही लायनर, पिस्टन, रिंगा, ओ रिंगा आणि गॅस्केटे नवी. खर्च अंदाजे पस्तीस हजार. फुल इंजिन म्हणजे त्यावर क्रँक ग्राइंडिंग, सगळी बेअरिंगे, तेलाचा पंप, व्हॉल्व्हचे काम, सत्तरच्या वर. चौथा पर्याय जुन्या बाजारातले दुसरे इंजिन आणून बसवण्याचा. पण ज्याचा इतिहास माहीत नाही असे एक इंजिन काढून, ज्याचा इतिहास माहीत नाही असे दुसरे बसवायचे, हा कसला सौदा?

चाचांनी यातही मापाशिवाय मत दिले नाही. बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या काढून पाहिल्या. दोन वाट्यांवर राखाडी डाग पडले होते. आम्लाने चाटल्याची खूण. क्रँक मात्र मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजला, तो मर्यादेत निघाला आणि त्यावर ओरखडाही नव्हता. “इंजिन या तेलावर फार चाललेलं नाही,” ते म्हणाले. “क्रँक घासायचं कारण नाही. वाट्या मात्र नव्या घाला. त्या जुन्या ठेवून पैसे वाचवाल, तर पुढच्या वर्षी क्रँकच जाईल.” हेड नाशिकला वर्कशॉपमध्ये पाठवले. तेथे दाब देऊन तडा आहे का ते तपासले, सरळ पट्टी ठेवून वाक मोजला आणि हलके फेसिंग करून परत दिले. शेवटी हाफ इंजिन, अधिक बेअरिंगे, असे काम झाले. बिल बेचाळीस हजारांचे. जोडताना तेलाच्या सगळ्या वाटा, पंपाची जाळी, चेंबरचा कोपरान् कोपरा धुतला गेला. नवे तेल आणि नवा फिल्टर घालून इंजिन दहा तास चालवले, मग ते तेल काढून पुन्हा नवे घातले, कारण कितीही धुतले तरी चिखल कोठेतरी लपलेला असतोच.

या कामाला आठ दिवस लागले. तोवर फवारणीसाठी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घेतला. पण शेजाऱ्यालाही बाग होती. त्याची फवारणी झाल्यावर आमची पाळी येई, आणि डावणी पाळीची वाट पाहत नाही. खालच्या अंगाचे दोन एकर जवळजवळ गेले. ते घड वेलीवर काळे पडताना भावाने पाहिले आणि त्या विषयावर तो कोणाशी बोलला नाही. दलालाचा ट्रॅक्टर घेतला असता, तर त्यातले निम्मे तरी वाचले असते. हे लपवून मी ही गोष्ट सांगू शकत नाही. योग्य वागण्याचे फळ त्या हंगामात आम्हाला मिळाले नाही.

वाचकहो, दोन-तीन गोष्टी घरच्यांना अवश्य सांगून ठेवा. इंजिन थंड असताना, सुरू करण्यापूर्वी, तेल आणि कूलंट दोन्ही पाहावे. एक वाढले आणि दुसरे घटले, तर चावीला हात लावू नये. थंडीच्या दिवसांत केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली थोडी पिवळी साय दिसते. डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर ती बहुधा दवाची असते, तिला भिऊ नये. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, तर मिस्त्रीला बोलवावे, आणि तो निदान कसे करतो ते उभे राहून पाहावे. गळती बंद करणारी औषधे रेडिएटरच्या बारीक नळ्याही बंद करतात. तेलात पाणी उतरल्यावर त्यांचा उपयोग नाही. आणि काढलेले कूलंट उघड्यावर टाकू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते. कुत्री-मांजरे आणि लहान मुले त्याला फसतात.

भावाने तो ट्रॅक्टर आणखी चार हंगाम चालवला. २०२३ साली त्याने तो विकायला काढला. घेणारा शेजारच्या गावातला एक तरुण होता. सोबत त्याची आई आली होती. भावाने इंजिन सुरू करून दाखवले, बंद केले, आणि गोठ्यातून तो मधला लायनर आणून ओट्यावर ठेवला. भोक दाखवले. बेचाळीस हजारांचे बिल दाखवले, क्रँक बदललेला नाही हेही सांगितले. त्या तरुणाने लायनरमधून बोट फिरवले, आईकडे पाहिले, आणि ठरलेल्या किमतीतून पाच हजार कमी केले. भावाने थोडी घासाघीस केली, मग मान्य केले. जाताना तो तरुण लायनरही मागून घेऊन गेला.